आईची नडगी आणि माझी चकती

आई सिटी बसच्या पायरीवरून पडली त्या दुपारी मी तारनाक्याच्या प्रयोगशाळेत होते. एका अनोळखी बाईनं आईच्याच फोनवरून मला फोन लावला. "अम्मा गिर गए तुम्हारे. कोठी का स्टॉप है. पाँव एकदम मुड़ गया, जल्दी आ जाओ." मी तशीच खाली धावले. ऑटोवाला आरशातून सारखा माझ्या हातांकडे बघत होता, तेव्हा कळलं की निळे हातमोजे काढायचे राहिलेत.

उजव्या पायाची नडगी मोडली होती. दिलसुखनगरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली, टाके निघाले, जखम सुकली. हाड मात्र जुळेना. काही जणांचं नाही जुळत, असं डॉक्टर म्हणाले. आईला साखर आहे आणि वयही साठीच्या पुढं. दर एक्सरेत ती फट तशीच दिसायची, काळी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

घरात आम्ही दोघीच. मी कॉलेजात असताना वडील गेले. गौलीगुड्यात तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत, पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल, पिको, लग्नसराईत मग्गमवाल्यांकडून जरीचं भरतकाम होऊन आलेले कपडे शिवणं, हे सगळं ती त्या मशीनवर करत आलेली. मशीनला मोटर आहे, पण ती चालते पायाखालची पट्टी दाबून, आणि आईची सवय उजव्या पायाची. पडल्यावर तिनं डावा पाय वापरून पाहिला. शिवण वाकडी जायला लागली तशी चिडून तिनं मशीनवर जुनी साडी टाकून ठेवली. माझ्या आईला स्वस्थ बसता येत नाही. ती जेवतानाही अर्धी उठलेली असते. अशा बाईला पाय खुर्चीवर ठेवून खिडकीतून बस स्टँडकडे जाणारी गर्दी बघत बसावं लागलं.

शेवटी दुसरं ऑपरेशन ठरलं. फटीतला निबर झालेला भाग साफ करायचा, कमरेच्या हाडाचा थोडा चुरा काढायचा, त्यात विरघळणारे दाणे मिसळायचे आणि ते मिश्रण फटीत भरायचं. डॉक्टरांनी एक छोटी बाटली हलवून दाखवली. आत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं पांढरं काही होतं.

आई म्हणाली, "और ये निकालते कब?"

"निकालना नहीं है अम्मा. अंदर के अंदर घुल जाते. उनकी जगह आपकी हड्डी आ जाती."

आई माझ्याकडे वळली. "तू हेच करायलीस ना गं तिकडं?"

मी हो म्हटलं. जवळजवळ हेच. पण ते "जवळजवळ" तिला कसं सांगावं, हे मला कळेना. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होते, पुढं सगळं इंग्रजीत. माझ्या कामाचे शब्द माझ्याकडे मराठीत कधी नव्हतेच. त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून मी पहिल्यांदा ते शोधले. इमारत बांधताना बाहेरून बांबूची परांची उभारतात ना, तसं. मी बनवते ती परांची स्पंजासारखी असते, एक छोटी चकती, रुपयाच्या नाण्याहून लहान. तिच्या भोकांत हाडाच्या पेशी सोडायच्या. त्या वाढतात, आपलं आपण बांधकाम करतात. आणि परांची हळूहळू विरघळून जाते.

"मग पंप कशाला लागतो?" आईनं विचारलं. माझ्या तोंडून तिनं पंपाच्या तक्रारी खूप ऐकल्या होत्या.

"पेशींना खाऊ पोचवायला. चकतीतून पातळ खाऊ सतत वाहत ठेवावा लागतो. तो आत शिरला नाही तर मधल्या पेशी उपाशी मरतात."

"आणि पायात पंप कोण लावणार?"

मी हसले आणि रक्त असतं म्हणाले. ते उत्तर अर्धंच होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

ऑपरेशन नीट झालं. पायावर अजिबात वजन टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. शेजारच्या घरातल्या रेड्डी आंटी दुपारी येऊन बसायच्या, म्हणून मी प्रयोगशाळेत जाऊ शकत होते. जायचे, पण तिथं असताना मन घरी असायचं आणि घरी असताना तिथं.

माझं काम त्या दिवसांत एकाच आकड्यावर अडकलेलं होतं. चकतीच्या अलीकडे आणि पलीकडे द्रवाचा दाब किती, याच्यातला फरक. पंप सारख्या वेगानं द्रव ढकलत असतो. चकती विरघळू लागली की भोकं मोठी होतात, द्रव सहज जातो, दाब उतरतो. पेशी वाढून भोकं भरू लागल्या की वाट अरुंद होते, दाब चढतो. हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. माझ्या संगणकावरच्या गणितात आधी दाब उतरायला हवा होता आणि मग सावकाश चढायला. प्रत्यक्षात तो जागचा हललाच नाही. दिवसामागून दिवस पडद्यावर एक सरळ रेषा.

आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, ती रेषा बघून खूश झाल्या. त्या खम्ममच्या, आमचं बोलणं हिंदी-तेलुगू-इंग्रजीच्या खिचडीत चालतं. "बैलेन्स हो रहा है," त्या म्हणाल्या. "जितना घुल रहा, उतना भर रहा. बागुंदी, बहुत अच्छा!"

मीही खूश व्हायला पाहिजे होतं. पण सरळ रेषेचे अर्थ दोन निघतात. जितकं जातंय तितकंच येतंय, हा एक. आणि काहीच होत नाहीये, हा दुसरा. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायला मार्ग नाही. चकती फोडून बघितल्याशिवाय कळत नाही आणि फोडली की प्रयोग संपला. मी सकाळी आल्याआल्या पडदा बघायचे, चहाला जाताना बघायचे, चहावरून आल्यावर बघायचे. घरी आईचा पाय बघायचे. सूज आहे का, लाल झालंय का, दुखतंय का. आई वैतागायची. "अगं, पाय आहे तो. उतू जाणारं दूध नाही."

मग एका सकाळी रेषा कोसळली. हळूहळू उतरली असती तर समजलं असतं. मी आले तेव्हा दाब जवळजवळ शून्यावर होता आणि नळीतून द्रव नळाच्या पाण्यासारखा बेफिकीर वाहत होता. आधी वाटलं, नळी निसटली. नळी जागेवर होती. मॅडमना बोलावलं. आम्ही पंप बंद करून चकती बाहेर काढली.

बाहेरून ती अगदी शाबूत होती. कडा गुळगुळीत, गोल, ठेवली तशी. मॅडमनी ब्लेडनं ती मधोमध कापली. कडेला पेशींचा छान दाट थर होता. मध्ये पोकळी. पोकळीच्या भिंतींना पांढरट लिबलिबीत चिखल, आणि आरपार एक भोक.

काय झालं असेल ते मॅडमनी टेबलावर बोटानं रेघा ओढत मला समजावलं. द्रवाला सोपी वाट आवडते. कडेच्या काही भोकांतून तो सुरुवातीला जरा जास्त गेला, मग तिथूनच जात राहिला. मधल्या भागात खाऊ पोचलाच नाही. शिवाय ही चकती विरघळते तेव्हा थोडं आम्ल तयार होतं. वाहत्या द्रवाबरोबर ते धुऊन जातं. मध्ये वाहतं काही नव्हतं, म्हणून आम्ल साचलं आणि साचलेल्या आम्लानं मधला भाग आणखी लवकर खाल्ला. कडा भरत होत्या, मध्य पोखरला जात होता, आणि बेरीज शून्य येत होती. एक दिवस मधली शेवटची भिंत गेली आणि द्रव त्या भोकातून सुटला.

"इत्ते दिन हम सीधी लाइन देख के खुश थे," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

त्याच आठवड्यात आईचा एक्सरे होता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. ऑपरेशननंतरच्या फिल्मवर फटीत पांढरे ठिपके गच्च दिसत होते. या फिल्मवर ते फिकट झाले होते, काही ठिकाणी नाहीसे. त्यांच्या जागी करड्या रंगाचं धूसर काहीतरी. धूसर होतं की माझ्या डोळ्यांना तसं दिसावंसं वाटत होतं, कुणास ठाऊक.

"बढ़िया," डॉक्टर म्हणाले. "दाने घुल रहे."

"पण हाड कुठं आहे?" मी विचारलं. घाईत मी मराठीत बोलले. मग हिंदीत विचारलं.

कोवळं हाड फिल्मवर लगेच दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. थोडा धीर धरा. मी विचारलं, आत पोकळ राहिलं असेल तर? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी काय काम करते ते त्यांना आईनं कधीच सांगून टाकलं होतं.

"हो सकता है," ते म्हणाले. "लेकिन दर्द कम है, दबाने से भी नहीं दुखरा. अब अम्मा को खड़ा करना है. आधा वजन, वॉकर के साथ. वजन के बिना हड्डी नहीं भरती."

हे मला माहीत होतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मीच लिहिलं होतं. हाड दाबलं गेलं की त्याच्या सूक्ष्म भोकांतला द्रव हलतो, सोडलं की परत येतो. त्या हालचालीनं पेशींना खाऊ मिळतो आणि काम करायची खूणही मिळते. पायातला पंप तोच. आईच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. पण लिहिताना ती नडगी कुणाचीच नव्हती. आता मला फक्त ब्लेडनं कापलेली ती चकती दिसत होती, कडेनं शाबूत आणि मध्ये चिखल.

"अजून थोडे दिवस थांबलं तर?" मी म्हटलं.

"तुला कोण विचारतंय?" आई म्हणाली आणि वॉकर जवळ ओढला.

फिजिओथेरपीवाल्या मुलीनं घरी वजनकाटा आणायला सांगितला. आईनं दुखरा पाय काट्यावर ठेवायचा, वॉकर धरून हळूहळू भार द्यायचा आणि काटा ठरलेल्या खुणेवर आला की थांबायचं. म्हणजे अर्धं वजन किती, हे पायाला कळतं. खूण म्हणून आईनं आपल्या कपाळावरची टिकली काढून काचेवर चिकटवली. पहिल्या दिवशी काटा टिकलीच्या अलीकडेच थरथरत राहिला. आईच्या वरच्या ओठावर घाम आला. मी तिच्या मागं हात पसरून उभी होते.

"दूर हो," ती म्हणाली. "तू अशी उभी राहिलीस की मी पडेन असंच वाटतं."

चार दिवसांत काटा टिकली ओलांडून जायला लागला. मी ओरडले की आई म्हणायची, काटाच खराब आहे.

प्रयोगशाळेत आम्ही नवी चकती लावली. मॅडमनी सुचवलं की या वेळी द्रव एकसारखा ढकलायचा नाही. धक्के द्यायचे, मध्ये थांबायचं, अधूनमधून दिशा उलटवायची, म्हणजे एकच वाट रुळणार नाही. मी पंपाचा प्रोग्रॅम बदलला. दाबाची रेषा आता सरळ येईना, वर-खाली उड्या मारायला लागली. तिच्यातून काही अर्थ काढायचा तर दिवसाच्या शेवटी सगळं सरासरीत घालून बघावं लागे. माझा जीव तिथं लागत नव्हता. एका दुपारी मी मॅडमना सांगून लवकर निघाले.

घरी आले तर दार नुसतं ओढून घेतलेलं. आत आई नव्हती. वॉकर भिंतीला टेकून उभा होता.

रेड्डी आंटींचं दार वाजवलं. त्या झोपेतून उठून आल्या. "अम्मा तो सो रहे थे," म्हणाल्या. मी आईला फोन लावला, तो उशीखाली वाजला. मग मी जिना उतरले. प्रत्येक वळणावर मला ती पायऱ्यांवर पडलेली दिसत होती. खाली इस्त्रीवाल्याला विचारलं. त्यानं बस स्टँडच्या दिशेनं हनुवटी केली. "जारे थे आहिस्ता आहिस्ता. दीवार पकड़ के."

मी त्या गल्लीतून धावले. दुपारची वेळ, हातगाड्या, पोत्यांचे ट्रक, ऑटोंचे हॉर्न. दोन वेळा दुसऱ्याच बायकांना आई समजले. रस्ता ओलांडून पलीकडे पाहिलं, परत आले. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आता ती शेवटची भिंत जाणार, आता जाणार.

आई अस्तराच्या दुकानात सापडली. काउंटरपुढच्या स्टुलावर बसली होती, उजवा पाय पुढं लांब करून, मांडीवर गिऱ्हाइकाची एक मोरपंखी साडी. दुकानदाराशी तिचं भांडण चाललं होतं. "ये मोरपंखी है? ये तो हरा है. मैं अंधी हूँ क्या?"

मी दारात उभी राहून धापा टाकत होते. तिनं मला पाहिलं आणि जराही न दचकता म्हणाली, "बरं झालं आलीस. हा बघ, मला उल्लू बनवायलाय."

"आई, वॉकर घरी आहे."

"हौ. तीन मजले वॉकर घेऊन कसं उतरणार? कठडा धरून उतरले."

"डॉक्टरांनी अर्धं वजन सांगितलंय!"

"अर्धंच टाकलं. उरलेलं अर्धं कठड्यावर आणि भिंतीवर." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "अगं, रडायलीस काय? बस इथं. भैया, एक ग्लास पाणी दे पोरीला."

मी खरंच रडत होते. दुकानदारानं पाणी दिलं आणि मुकाट्यानं वरच्या फळीवरून दुसरा तागा काढला. तो रंग बरोबर निघाला.

पाणी पिऊन झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. चकतीचं. बाहेरून नीट आणि आतून पोखरलेली. एवढे दिवस घरी सांगितलं नव्हतं. आईनं अस्तराची घडी घालत ऐकून घेतलं.

"तुझी चकती बोलते का?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"दुखलं तर सांगते का तुला? नाही ना. मला दुखलं तर मी सांगेन. आधी दुखायचं ते आतून यायचं, पाय टेकला की थेट डोक्यात जायचं. आता तसलं नाही. आता नुसतं जड वाटतं. मला कळतं ना ते. तू मला विचारतच नाहीस, नुसती पाय बघतेस."

परत येताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती पाऊल टाकायची तेव्हा तिचा भार माझ्या खांद्यावर यायचा आणि उतरायचा. दुखरा पाय पुढं आला की हात जड व्हायचा, डावा पाय आला की हलका. मी मोजत नव्हते, पण लक्ष सगळं तिथंच होतं. गल्लीच्या तोंडाशी आम्ही थांबलो, हातगाडी जाऊ दिली. जिन्यावर तर प्रत्येक मजल्याला थांबलो. तिसऱ्या मजल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आज जरा जास्तच झालं," ती म्हणाली.

रात्री पाय सुजला. मी बर्फ लावला. सकाळी सूज उतरली होती. मग डॉक्टरांना फोनवर सांगितलं, ते आईवर फोनवरच रागावले, आणि तिनं "हौ हौ" करत ऐकून घेतलं. त्यानंतर जिना उतरायचा तर मी बरोबर असतानाच, असं ठरलं. तो नियम तिनं पाळला, बहुतेक वेळा.

पुढच्या एक्सरेत धूसर भाग दाट झाला होता. त्याच्या पुढच्या एक्सरेत फटीच्या दोन्ही कडांना जोडणारी एक तिरकी करडी पट्टी मलाही दिसली, डॉक्टरांनी बोट ठेवायच्या आधी. फट पूर्ण भरली नाही. एका बाजूला एक लहानसा काळा कोपरा राहिला, तो अजूनही आहे. डॉक्टर म्हणतात, राहू दे, तेवढ्यानं काही बिघडत नाही. आई किंचित लंगडते. मधल्या दिवसांत मशीनवरची साडी काढून पट्टी तिनं डाव्या पायाकडे सरकवली होती, ती तशीच ठेवली, कारण दरम्यान तिची डाव्या पायाची शिवण सरळ यायला लागली होती.

माझी दुसरी चकती मी ठरल्या मुदतीनंतर काढली. ती मीच मधोमध कापली. मध्ये पोकळी नव्हती. पेशी मध्यापर्यंत पोचल्या होत्या असंही नाही. अर्ध्या वाटेपर्यंत पोचल्या होत्या, त्यापुढं परांची नुसतीच विरळ होऊन उभी होती. मॅडम म्हणाल्या, हे लिहिता येईल. मी लिहिलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, मध्यापर्यंत पोचायला आणखी किती काळ लागला असता? मी म्हटलं, माहीत नाही, आणि तोपर्यंत परांची टिकली असती की नाही, तेही माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता मी त्याच प्रयोगशाळेत कामाला आहे. तिसरी, चौथी, कितवी तरी चकती लावलेली असते. पडद्यावर रेषा सरळ दिसली की अजूनही मला बसवत नाही. उठते, नळ्या तपासते, परत येते. घरी फोन करते. मशीनचा आवाज आधी ऐकू येतो, मग आईचा.

"पाय कसा आहे?" मी विचारते. आता विचारते.

"ठणकायलाय थोडा," ती म्हणते. "मघापासून उठलेच नाही ना. आता हा ब्लाउज द्यायला खाली जाते. रेड्डी आंटी आहेत बरोबर. ठेव फोन."